सलग सात वेळा आमदार, एक राजीनामा आणि आदिवासींच्या यादीची राखण : अकोल्याच्या मधुकर पिचडांची गोष्ट

४ ऑक्टोबर २०२४. मंत्रालयातला तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ वरच्या मजल्यावरून थेट खालच्या संरक्षक जाळीवर उतरले आणि त्यांच्यामागोमाग आणखी काही आदिवासी आमदार. सोशल मीडियावर दोन दिवस मीम्सचा पाऊस पडला. मागण्या मात्र साध्या होत्या. पेसा भरतीतल्या आदिवासी उमेदवारांना नियुक्त्या द्या आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत घेऊ नका.

जाळीवर उतरलेल्यांमध्ये एक नाव होतं डॉ. किरण लहामटे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले मतदारसंघाचे आमदार.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'आमच्या यादीत दुसरं कुणी नको' हा आवाज अकोल्यातून पहिल्यांदा उठत नव्हता. त्याआधी जवळपास तीन दशकं हाच मुद्दा त्याच मतदारसंघातला दुसरा एक नेता मांडत होता. जाळीवर न उतरता, मंत्रिमंडळात बसून. या आंदोलनाच्या वेळी त्या नेत्याचं वय ८३ होतं आणि तब्येतीने साथ सोडायला सुरुवात केली होती. त्यांचं नाव मधुकर काशिनाथ पिचड.

नगर जिल्ह्याबाहेरच्या आजच्या तरुण पोरांना पिचड म्हटलं की '२०१९ ला राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेलेले' एवढंच आठवतं. पण महाराष्ट्रात आदिवासींचं प्रतिनिधित्व म्हणजे नेमकं काय, ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाच्या राजकारणाइतका चांगला धडा दुसरा नाही. त्यात यश आहे, घराणेशाही आहे, आणि ११४ मृत्यूंचा एक दिवसही आहे.

आधी अकोले समजून घेऊ. (विदर्भातलं अकोला नाही, हे नगरचं अकोले. हा गोंधळ बातम्यांमध्येही होतो.)

अहिल्यानगर म्हटलं की डोळ्यांपुढे साखर कारखाने आणि दुष्काळ येतो. अकोल्याची पश्चिम बाजू या चित्रात बसत नाही. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदरा, घाटघर हे सगळं याच तालुक्यातलं. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर इथलं, १,६४६ मीटर. घाटघरला इतका पाऊस पडतो की त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. आपण काजवे बघायला आणि रील्स काढायला जातो तो हा भाग. इथे राहतात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर. बीजमाता म्हणून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

पाऊस इथे पडतो, पण पाणी इथे थांबत नाही. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या जोरावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. प्रवरानगरचा गाजलेला सहकारी कारखानाही त्याच खोऱ्यातला. वरच्या गावांतले लोक मात्र पावसाळ्यात भात काढायचे आणि उरलेल्या वर्षात नारायणगावच्या बाजूला मजुरीला जायचे. आजही जातात.

या डोंगरांना बंडाचा इतिहास आहे. देवगावचे राघोजी भांगरे इथलेच. सावकार आणि इंग्रज या दोघांच्याही विरोधात त्यांनी महादेव कोळ्यांना उभं केलं आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे भांगरे घराणं तालुक्याच्या राजकारणातही मोठं झालं. ते नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पिचडांचा जन्म १ जून १९४१ चा, राजूरचा. राजूर म्हणजे या डोंगरपट्ट्याची बाजारपेठ. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही तिथेच आहे. पंचायत समितीच्या राजकारणातून ते वर आले आणि १९८० मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९. सलग सात निवडणुका, ३४ वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, जागा आदिवासींसाठी राखीव, मग आदिवासी नेता निवडून येण्यात विशेष काय?

इथेच खरी गंमत आहे. राखीव जागेचा अर्थ एवढाच की उमेदवार अनुसूचित जमातीचा पाहिजे. मतदान सगळे करतात. २०११ च्या जनगणनेनुसार अकोले तालुक्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या जवळपास निम्मी आहे. म्हणजे उरलेला निम्मा तालुका बिगरआदिवासी. त्यात प्रवरेच्या काठचा बागायतदार, दूधवाला, कांदेवाला असे सगळे आले.

न्यूझीलंडमध्ये वेगळं आहे. तिथे १८६७ पासून माओरी लोकांसाठी संसदेत वेगळ्या जागा आहेत. सुरुवातीला चार होत्या, आता सात आहेत, आणि त्या जागांवर माओरी यादीतले मतदारच मत देतात. म्हणजे तिथल्या खासदाराला फक्त आपल्या लोकांना उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडच्या राखीव जागेवरच्या आमदाराला दोन दरवाजे सांभाळावे लागतात. एक डोंगरातला, एक उसाच्या फडातला.

पिचडांनी दोन्ही सांभाळले. अमृतसागर दूध संघ, अगस्ती सहकारी साखर कारखाना या संस्थांवर त्यांचा वर्षानुवर्षं वरचष्मा राहिला. पश्चिम महाराष्ट्रातला मराठा नेता ज्या पद्धतीने तालुका बांधतो, म्हणजे दूध, ऊस, पतपुरवठा, सोसायटी, त्याच पद्धतीने एका आदिवासी नेत्याने तालुका बांधला. राज्यात आदिवासी आमदार पुष्कळ झाले, पण सहकाराचं हे हत्यार इतकं सराईतपणे वापरणारे फार थोडे. सात विजयांचं उत्तर मला तरी इथे दिसतं. अर्थात विरोधक याच गोष्टीला 'सगळ्या संस्था एका घरात' म्हणायचे, आणि तेही खोटं नव्हतं.

तालुका झाला, आता राज्याकडे येऊ.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार आदिवासींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर आहे, म्हणजे साधारण ९.४ टक्के. विधानसभेत २८८ पैकी २५ जागा त्यांच्यासाठी राखीव. स्वतंत्र आदिवासी विकास विभाग १९८३ मध्ये झाला. पण विभाग असणं वेगळं आणि पैसा असणं वेगळं. आधी पद्धत अशी होती की बांधकाम, पाटबंधारे, आरोग्य असं प्रत्येक खातं आपापली योजना आखायचं आणि त्यातला काही भाग आदिवासी भागावर खर्च होईल असं दाखवायचं. कागदावर आदिवासी उपयोजना दिसायची. प्रत्यक्षात आदिवासी विभागाच्या हातात काही नसायचं.

माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीने ही पद्धत उलटी करायला सांगितली. लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे ९ टक्के रक्कम आधीच बाजूला काढा, ती आदिवासी विकास विभागाकडे द्या आणि कुठे काय करायचं हे त्या विभागाला ठरवू द्या. १९९३-९४ पासून राज्याने हे लागू केलं. इतर राज्यांमध्ये ते 'महाराष्ट्र पॅटर्न' म्हणून ओळखलं गेलं. तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार आणि त्या सरकारात आदिवासी विकास मंत्री होते मधुकर पिचड. समर्थक त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणून याचंच नाव घेतात.

वाक्य कोरडं वाटतं, पण त्याचा अर्थ मोठा आहे. आश्रमशाळेची इमारत, वस्तीवरचा रस्ता, वसतिगृहातली खाट यासाठी दुसऱ्या खात्याच्या दारात उभं राहायचं की स्वतःच्या खिशातून काढायचे, एवढा फरक. पुढे हा पैसा पोहोचला का, हा प्रश्न आहेच. २००४ ते २००९ या काळात आदिवासी योजनांमध्ये झालेल्या गैरव्यवहारांची चौकशी करायला न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड समिती नेमावी लागली. त्या पाच वर्षांत हे खातं पिचडांकडे नव्हतं, पण स्वतंत्र खिसा आला की त्यात हात घालणारेही येतात हे तिथे दिसलं.

आणि मग आला २३ नोव्हेंबर १९९४.

नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विदर्भातल्या गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर निघाला. गोवारी म्हणजे परंपरेने गुरं राखणारा, अत्यंत गरीब समाज. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. यादीत नोंद आहे 'गोंड गोवारी' अशी. समाजाचं म्हणणं होतं की गोंड गोवारी म्हणजे आम्हीच. सरकारचं म्हणणं होतं की गोंड गोवारी ही गोंडांची वेगळी पोटजमात आहे, गोवारी वेगळे. दोन शब्दांचं नातं काय, यावर हजारो माणसांचं भविष्य टांगलेलं होतं.

मोर्चा सीताबर्डीजवळ अडवला गेला. हजारो बायाबापड्या, कडेवर पोरं, दिवसभर रस्त्यावर बसून. कुणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल एवढीच अपेक्षा. संध्याकाळ झाली तरी कुणी आलं नाही. मग गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, पळापळ झाली. एका बाजूला कठडे, दुसऱ्या बाजूला पोलीस. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यात बहुतेक बायका आणि लहान मुलं होती.

ज्या खात्याच्या मंत्र्याने जाऊन बोलायला हवं होतं ते खातं पिचडांकडे होतं. त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

या राजीनाम्याकडे दोन प्रकारे बघता येतं. एक म्हणजे आजच्या काळात दुर्मिळ झालेली गोष्ट त्यांनी केली. दुसरं म्हणजे ११४ मृत्यूंनंतर एका आदिवासी मंत्र्याचा राजीनामा घेऊन बाकीचं सरकार सुटलं. लाठी चालवणारं पोलीस खातं त्यांचं नव्हतं. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिलीही नाकारता येत नाही. मोर्चाला सामोरं जायला खात्याच्या मंत्र्याला कायदा-सुव्यवस्थेची परवानगी लागत नाही.

गोवारींचं पुढे काय झालं? १९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतलं. १४ ऑगस्ट २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हेच गोंड गोवारी असल्याचं मान्य केलं. समाजाने पेढे वाटले, पोरांनी प्रमाणपत्रं काढली. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. नागपुरात आज गोवारी शहीद स्मारक आहे आणि शहीदांच्या नावाचा उड्डाणपूलही आहे. यादीत नोंद तीच आहे.

१९९५ ला युतीचं सरकार आलं. काँग्रेस ८० जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष असूनही विरोधात बसली आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले पिचड. १९९९ ला पवारांबरोबर राष्ट्रवादीत गेले, पुढे पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, जून २०१३ मध्ये ते पद सोडून पुन्हा आदिवासी विकास मंत्री. कारकिर्दीचा हा भाग पदांचा आहे, त्यावर फार थांबण्यासारखं काही नाही. थांबायचं आहे ते यादीपाशी.

'बोगस आदिवासी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो आला कुठून?

अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली राष्ट्रपती काढतात आणि तिच्यात बदल फक्त संसद करू शकते. राज्य सरकार नाही, मुख्यमंत्री नाही, न्यायालयही नाही. १९७६ पर्यंत महाराष्ट्रात बऱ्याच जमातींना ठरावीक भागात राहत असाल तरच या सवलती मिळायच्या. याला क्षेत्रबंधन म्हणायचे. १९७६ च्या कायद्याने हे बंधन उठवलं. हेतू चांगला होता, कारण डोंगराबाहेर राहणाऱ्या खऱ्या आदिवासींवर अन्याय होत होता. पण त्याबरोबर नावसाधर्म्याचं दार उघडलं. यादीत 'कोळी महादेव' आहे, आणि राज्यात कोळी नावाचे डझनभर समाज आहेत. यादीत 'हलबा' आहे, आणि विणकाम करणारे हलबा कोष्टी आहेत. यादीत 'ठाकूर' आहे, आणि ठाकूर आडनाव तर कुठल्याही जातीत सापडतं.

मेडिकलच्या राखीव जागा, सरकारी नोकऱ्या यांवर दावे वाढत गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली, ती ज्या खटल्यात, तो खटलाही महाराष्ट्रातल्या महादेव कोळी प्रमाणपत्राचाच होता. पुढे २००१ चा २३ क्रमांकाचा कायदा आला. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. प्रमाणपत्र खोटं निघालं तर मिळालेले लाभ परत आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. या कडकपणाचं श्रेय समर्थक पिचडांना देतात, आणि दोषही विरोधक त्यांनाच देतात.

दोष का? कारण पडताळणी समितीपुढे उभं राहणं सोपं नसतं. आजोबांच्या शाळेचा दाखला आणा. त्यावर नुसतं 'कोळी' लिहिलेलं असेल तर अडकलात. तुमचा देव कुठला, लग्नात काय करता, मयताचे विधी काय, असे प्रश्न विचारले जातात. दोन पिढ्या शहरात राहिलेल्या माणसाला ते आठवतीलच असं नाही. (मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की रूढींची ही चाचणी हा एकमेव निकष असू शकत नाही.) खान्देश आणि मराठवाड्यातल्या कोळी समाजाच्या संघटना कित्येक वर्षं म्हणत आल्या की नगर-पुणे-नाशिकच्या डोंगरातल्या नेत्यांनी आमचे दाखले अडवले. त्यांच्या दृष्टीने पिचड हे हक्क मिळवून देणारे नव्हते, दार अडवून बसलेले होते.

डोंगरातल्या माणसाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, माझ्या पोराच्या वाट्याची जागा शहरातला, शिकलेला, नावात कोळी असलेला माणूस घेऊन जातो, आणि त्याला पुरावा विचारला की मी वाईट. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अवैध प्रमाणपत्रावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाही. त्यानंतरही राज्य सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना काढून न टाकता 'अधिसंख्य' पदांवर ठेवलं. त्यांच्यामुळे रिकाम्या व्हायला हव्या असलेल्या जागा भरा, ही मागणी आदिवासी पोरं अजून करतात. आकडा सांगितला जातो १२,५०० पदांचा.

या पार्श्वभूमीवर २०१४ बघा. धनगर समाजाचं आंदोलन बारामतीत पेटलं होतं. यादीत 'ओरांव, धांगड' अशी नोंद आहे, तिथला 'धांगड' म्हणजे 'धनगर'च, असा दावा. विधानसभा निवडणूक तोंडावर. धनगर मतं राज्यभर पसरलेली, कुठलाच पक्ष नाही म्हणायला तयार नव्हता. तेव्हा सत्तेत असलेल्या पिचडांनी मंत्री असूनही उघड विरोध केला. आदिवासी आमदारांना पक्ष न बघता एकत्र केलं. ज्या पक्षाचं राजकारण बारामतीतून चालतं त्या पक्षाच्या माणसाने हे करणं सोपं नव्हतं. त्यांच्या राजकारणाचं मर्म मला इथे सापडतं. एरवी ते पक्षाच्या चौकटीत राहणारे, पवारांचा शब्द न मोडणारे. पण यादीवर आलं की मागे हटायचे नाहीत.

१६ फेब्रुवारी २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने धनगर आणि धांगड एकच असल्याचा दावा फेटाळला. तरी त्याच वर्षी मागणी पुन्हा वर आली आणि ऑक्टोबरमध्ये आमदार जाळीवर उतरले.

आता घरचा हिशोब. २०१४ ला पिचडांनी स्वतः न लढता मुलगा वैभव यांना उभं केलं आणि ते निवडून आले. ३१ जुलै २०१९ ला बापलेक दोघेही भाजपमध्ये गेले. तेव्हा वारंच तसं होतं, राष्ट्रवादीचे एकेक नेते जात होते. अकोल्यात मात्र उलटं घडलं. सगळे विरोधक एकवटले, समोर राष्ट्रवादीकडून डॉ. किरण लहामटे, आणि वैभव पिचड पन्नास हजारांहून जास्त मतांनी पडले. चाळीस वर्षांत तालुक्याने असं काही पाहिलं नव्हतं. २०२२ मध्ये अगस्ती कारखान्याची सत्ताही गेली. उसाच्या फडातला दरवाजा बंद झाला की राखीव जागेवर काय होतं, ते यात दिसलं.

डोंगरातल्या दरवाज्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. पिचड आणि भांगरे, तालुक्याची ही दोन्ही मोठी राजकीय घराणी महादेव कोळी समाजातली. ठाकर त्याच डोंगरात, त्याच यादीत आहेत. कातकरी तर केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या राज्यातल्या तीन जमातींपैकी एक. तालुक्याचं नेतृत्व करणाऱ्या घराण्यांमध्ये त्यांचं नाव ऐकू येत नाही. यादीबाहेरच्यांना रोखण्यावर जेवढी ताकद लागली, तेवढी यादीतल्या मागे राहिलेल्यांवर लागली का, हा प्रश्न त्या पिढीच्या सगळ्याच आदिवासी नेत्यांना विचारता येतो.

२०२४ च्या विधानसभेला अकोल्यात तिरंगी लढत झाली. अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लहामटे, शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून अमित भांगरे आणि अपक्ष वैभव पिचड. प्रचार चालू होता तेव्हा मधुकर पिचड पक्षाघाताच्या झटक्यानंतर नाशिकला उपचार घेत होते. लहामटे थोड्या फरकाने जिंकले, भांगरे दुसरे, पिचड तिसरे. निकालाचा दिवस होता २३ नोव्हेंबर. नागपूरच्या त्या संध्याकाळीला बरोबर तीस वर्षं झाली होती.

तेरा दिवसांनी, ६ डिसेंबर २०२४ ला, नाशिकमध्ये पिचडांचं निधन झालं. अंत्यसंस्कार राजूरला झाले.